ताट पुढे सरकवणारी बाई

प्रभुभोजनाचं ताट ओळीतून फिरत आलं आणि तुमच्या शेजारच्या बाईने त्यातला घास न घेता ते तसंच पुढे सरकवलं, तर तुमच्या मनात सगळ्यात आधी काय येईल? खरं सांगा.

माझ्या मनात काय आलं ते लपवायची सोय नाही, कारण मी ते छापलं. दोनशे प्रती.

जे आमच्यातले नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या छोट्या चर्चमध्ये, भाकरीचे तुकडे ठेवलेलं एक स्टीलचं ताट आणि द्राक्षरसाचे इवले पेले खुर्च्यांच्या ओळींतून हातोहात फिरतात. पकडलं जाण्याआधी येशू आपल्या शिष्यांबरोबर शेवटचं जेवला, त्याची ही आठवण. आमच्याकडे याहून मोठं काही नाही. इमारत तर नाहीच. कल्याणात एका शाळेचा हॉल रविवारी सकाळी आठ ते अकरा मिळतो. फळ्यावर शनिवारचं गणित तसंच असतं, आणि त्याच्यासमोर उभे राहून पाळकसाहेब देवाचं वचन सांगतात.

या हॉलमध्ये खिडकीलगतच्या शेवटच्या खुर्चीवर एक बाई बसायच्या. त्यांना सगळे सिस्टर म्हणतात, कारण त्यांची सगळी नोकरी नर्स म्हणून गेली. नवरा लवकर गेला, मूल नाही, शहाडला एकट्या राहतात. आठच्या उपासनेला पावणेआठला हजर. गाणी खड्या आवाजात म्हणायच्या. आणि ताट आलं की दोन्ही हातांनी घ्यायच्या, क्षणभर धरायच्या आणि तसंच पुढच्याच्या हातात द्यायच्या. दोन वर्षं हे असं चाललेलं.

आता माझ्याबद्दल. मी पत्रिकांवर वाढले. आम्ही कोपरीला राहतो. वडील ठाण्यात एका छापखान्यात मशीनवर होते. कुणाच्या लग्नाच्या, कुणाच्या दुकानाच्या जाहिराती छापून झाल्या की उरलेला रंगीत कागद मालक त्यांना देऊन टाकायचे, आणि त्यावर वडील सुवार्तेच्या, म्हणजे येशूची ओळख सांगणाऱ्या, चार पानी पत्रिका काढायचे. मी अक्षरं त्यांच्यावर शिकले, गणितं त्यांच्या कोऱ्या बाजूवर सोडवली, आणि आमच्या पलंगाखाली ट्रंकेऐवजी गठ्ठे असायचे. रविवारी संध्याकाळी वडील स्टेशनबाहेर उभे राहून त्या वाटायचे. लोक चार पावलांवर टाकून द्यायचे. वडील उचलायचे, पँटला पुसायचे आणि पुढच्याला द्यायचे. आमच्या तळमजल्यावरचे काका पूजाअर्चा करणारे, पण प्रत्येक पत्रिका चष्मा लावून पूर्ण वाचायचे आणि परत आणून द्यायचे. "मुद्दा चांगला मांडलाय हो," म्हणायचे, "पण शेवट जरा ओढलाय." वडिलांना त्यांच्याइतका प्रामाणिक वाचक दुसरा मिळाला नाही.

चार पानांत जे सांगता येत नाही ते आपल्याला कळलेलंच नाही, हा वडिलांचा नियम. मी त्याच नियमाने वाढले. सत्य असेल तर छापा. झोंबलं तर अजून चांगलं.

बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, लावदिकीया गावच्या मंडळीला लिहिलेलं एक पत्र आहे. ती मंडळी ना गरम ना गार, कोमट आहे, आणि प्रभू म्हणतो की अशांना मी तोंडातून थुंकून टाकीन. हा माझा लाडका उतारा होता. बाविसाव्या वर्षी दुसरा कुठला आवडणार? आमच्या मंडळीत मला जिकडे तिकडे कोमट माणसं दिसायची. भिंतीवर वर्षभरात बायबल संपवण्याचा तक्ता, त्यावर चिकटवलेले तारे. वचनं तोंडपाठ करणाऱ्या मुलांना बक्षीस म्हणून कंपासपेटी. पाठ करण्यासाठी बक्षीस होतं, करण्यासाठी काहीच नव्हतं. हे मी आजही म्हणते, आणि यात माझं चुकलं नव्हतं.

चुकलं ते पुढे. मी "गरम की कोमट?" नावाची पत्रिका लिहिली आणि तिसऱ्या पानावर उदाहरण म्हणून त्या खिडकीशेजारच्या बाई घातल्या. गाताना आवाज सगळ्यांच्या वर, पण प्रभूचं ताट समोर आलं की हात मागे. दोन वर्षं ही बाई कुणाला फसवते आहे, देवाला की आपल्याला, असं विचारलं. नाव घातलं नाही. माझ्या मते ही सभ्यता होती.

वडिलांनी मजकूर वाचला, दोन स्वल्पविराम सुधारले आणि म्हणाले, "दणदणीत." आई भाजी निवडत होती. तिने ओले हात पदराला पुसून तिसरं पान वाचलं.

"नाव नाही घातलंस."

"नाही."

"खुर्ची घातलीस, खिडकी घातलीस, आवाज घातलास. मग नाव कशाला ठेवलंस शिल्लक?"

"आई, खरं आहे की नाही ते सांग."

"मला काय माहीत खरं काय ते. तू विचारलंस त्यांना?"

मी विचारलं नव्हतं. रविवारी उपासना संपल्यावर मी दारात उभी राहून पत्रिका वाटल्या. सिस्टरना पण दिली. त्यांनी दोन्ही हातांनी घेतली, जसं ताट घ्यायच्या तशी, आणि "सलाम, बाळा," म्हणून गेल्या. आम्ही एकमेकांना सलामच म्हणतो.

बुधवारी दुपारी चारच्या सुमारास आमची बेल वाजली. दारात सिस्टर. शहाडहून कोपरीपर्यंत त्या उन्हाच्या आलेल्या, हातात छत्री, काखेत बायबल. आईने पाणी दिलं. त्यांनी बायबल उघडलं तर आत माझी पत्रिका, घडी घातलेली. मला वाटलं आता वाद होणार, आणि वादाची माझी तयारी होती. मी मनात तिसऱ्या पानाचा बचाव मांडायला घेतला.

त्या म्हणाल्या, "हे वाचलं मी. चांगलं लिहितेस. तुझ्या मनात माझ्याविषयी काही आहे, ते मला ह्याच्यावरून कळलं. म्हणून आले."

"कशासाठी?"

"माझं काय चुकलं ते तू सांग. चुकलं असेल तर मी माफी मागते. मग मला घरी जाता येईल."

टोमणा असता तर मी परतवला असता. तो टोमणा नव्हता. त्या खरोखर वाट बघत होत्या, हात मांडीवर ठेवून, एखाद्या पेशंटने कुठं दुखतं ते सांगावं म्हणून बसावं तशा. मी आईकडे पाहिलं. आईने माझ्याकडे पाहिलं नाही, चहा टाकायला उठली. मदत करायची नाही असं ठरवलं की ती चहा टाकते.

मी शेवटी विचारलं, जे तीन आठवडे आधी विचारायला हवं होतं. "सिस्टर, तुम्ही ताट का पुढे करता?"

त्यांनी बायबल माझ्यापुढे धरलं. मत्तय, पाचवा अध्याय. तिथं खुणेसाठी बँडेजची एक पट्टी होती, कडा काळवंडलेली. "दोन वर्षं पट्टी इथंच आहे," त्या म्हणाल्या. "पुढं सरकत नाही."

त्यांची वाचायची पद्धत मला तेव्हा कळली. मी तक्त्याप्रमाणे रोज चार अध्याय वाचायचे. सिस्टर एक उतारा वाचायच्या आणि तो करून होईपर्यंत पुढचा वाचायच्या नाहीत. चाळीस वर्षं वॉर्डात तेच केलेलं: डॉक्टरने कागदावर लिहिलं ते आधी द्यायचं, मग पान उलटायचं. दोन अंगरखे असतील तर एक द्यावा, हे वाचलं तेव्हा त्यांनी कपाटातले स्वेटर काढून पलंगावर मांडले आणि कुठला द्यायचा हे ठरेना म्हणून चार दिवस अडकल्या. "चांगला द्यायचा होता ना," म्हणाल्या, "वाईट पटकन देता येतो." येशूने शिष्यांचे पाय धुतले त्या अध्यायात त्या महिनाभर थांबल्या, आणि शेवटी शेजारच्या मधुमेही आजोबांची नखं कापून दिली, ज्यांच्या पायाला घरचे भीतीने हात लावत नव्हते. ती नखं त्या अजून कापतात. याकोबाच्या पत्रात जिभेवर ताबा ठेवायचा अध्याय आहे. "तिथं किती दिवस लागले?" मी विचारलं.

"पाच आठवडे. मग सोडून दिला. नाहीतर तिथंच मेले असते."

आई स्वयंपाकघरातून हसली.

मत्तयातला तो उतारा आम्हा सगळ्यांना पाठ आहे, कंपासपेटीवाल्यांना तर नक्कीच. डोंगरावर येशू सांगतो: तू वेदीपाशी अर्पण घेऊन उभा आहेस आणि तिथं तुला आठवलं की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग येऊन अर्पण दे. मी हा उतारा कितीदा ऐकला असेल. मला वाटायचं, माझा कुणावर राग असेल तर तो सोडावा, असं यात आहे. सिस्टरनी बोट ठेवून दाखवलं. तसं नाहीच ते. माझ्या मनात काय आहे ते इथं विचारलेलंच नाही. भावाच्या मनात काय आहे ते विचारलंय. चूक कुणाची, हे तर कुठंच नाही.

आणि त्यांच्या भावाच्या मनात होतं. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात त्यांचे वडील शहाडला त्यांच्या घरी वारले. धाकटा भाऊ ट्रक चालवतो, तेव्हा सुरतेकडे माल घेऊन गेलेला. फोन लागला, तो निघाला. थंड पेटी आणली, पण भागातली वीज गेलेली. सिस्टर नर्स, मे महिन्यात दुपारी देहाचं काय होतं ते त्यांना कुणी सांगायला नको होतं. कबरस्तानात चारची वेळ मिळाली. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि ठरवलं. भाऊ सहाला पोचला. माती झालेली. त्याला बापाचं शेवटचं तोंड दिसलं नाही.

"तो एवढंच म्हणाला, 'दोन तास थांबली असतीस.' त्यानंतर बोलला नाही."

"पण तुमचं बरोबर होतं," मी म्हणाले.

"होतं ना. त्याचा काय उपयोग? तो चर्चला यायचाही बंद झाला. पाळकसाहेब म्हणतात, तुम्ही तुमच्या बाजूने सगळं केलंत, आता घ्या. ते बरोबरच सांगतात, बायबलमधल्या एका पत्रात तसंही लिहिलंय, आपल्याकडून होईल तेवढं करावं. पण लहानपणी आई शेतावर असायची तेव्हा मी त्याला भरवल्याशिवाय कधी जेवले नाही. ताटात त्याचाही घास आहे. मी खाऊन उठले तर तो मागं राहील."

ताट पुढे सरकवणारा हात मला कोमट वाटला होता. अख्ख्या हॉलमध्ये त्या ताटाला एवढ्या गरम हाताने कुणी धरत नव्हतं. आमच्यातले बाकीचे, मी धरून, घास घेऊन तोंड पुसून मोकळे व्हायचो.

मी माफी मागितली. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि पट्टी तिथंच ठेवून बायबल मिटलं. मग माझं डोकं नेहमीसारखं तापलं. मी म्हणाले, असा भाऊ, देवाच्या माणसाला दोन वर्षं तंगवतो, ह्याच्यावरच एक पत्रिका लिहिली पाहिजे.

"लिहू नकोस," सिस्टर म्हणाल्या. "शनिवारी चल माझ्याबरोबर."

त्या महिन्यातून एकदा, प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी, भावाकडे जायच्या. कल्याण पूर्वेला एका चाळीत पहिल्या मजल्यावर त्याची खोली. मी त्या शनिवारी त्यांच्याबरोबर गेले. स्टेशनवरून चालत. मी वाटेत बरंच बोलले, त्या फारसं बोलल्या नाहीत. गॅलरीत शेवटून दुसरं दार. सिस्टरनी कडी वाजवली नाही. दारापाशी उभ्या राहून म्हणाल्या, "सलाम, दादा. मी आले." धाकट्या भावाला त्या दादा म्हणतात.

आत टीव्हीचा आवाज वाढला.

भावजयीने दार अर्धं उघडून एक प्लास्टिकची खुर्ची बाहेर ठेवली, माझ्याकडे बघून आणखी एक ठेवली, पाण्याचे दोन पेले दिले आणि दार ओढून घेतलं. हे सगळं न बोलता, सवयीने. शेजारच्या दारात एक बाई तांदूळ निवडत बसलेल्या. मालवणकडच्या, चाळीत सर्वांत जुन्या.

"इलात सिस्टर? आज सोबत पण आणलंत," त्या म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "पंधरा मिनिटं बसतात, मग जातात. पंधरा म्हणजे पंधरा. आमच्यात असतं तर एव्हाना चार माणसं मध्ये बसवून कधीच मिटवलं असतं. ह्यांचा देव लयच सोशिक दिसतो."

"देव नाही हो, मी आहे," सिस्टर म्हणाल्या. "देव टीव्ही बंद करू शकतो."

मला हसू आलं, आणि लगेच राग आला. दार असं बंद, आत माणूस बसलेला, आणि ही बाई दोन वर्षं गॅलरीत पाण्याचा पेला घेऊन. मी उठले आणि दाराशी जाऊन बोलायला लागले. काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं. मी म्हणाले, "दादा, मी कोपरीची. मी एक पत्रिका लिहिली, तिच्यात तिसऱ्या पानावर तुमच्या बहिणीबद्दल खोटं लिहिलंय. मी त्यांना न विचारता त्यांना ढोंगी म्हटलं. त्यांची माफी मागितली. त्या तुमच्या घरातल्याही आहेत, म्हणून तुमचीही मागते."

टीव्ही बंद झाला.

दार पूर्ण उघडलं. पन्नाशीचा आडवा माणूस, बनियनवर, आणि त्याच्या हातात माझी पत्रिका. मंडळीतल्या कुणीतरी भावजयीला दिलेली, चार दिवस त्या घरात पडून होती.

"तूच का ती?" तो म्हणाला. "वय काय तुझं?"

"बावीस."

"ही बाई बावीस वर्षांची असताना कॉलऱ्याच्या वॉर्डात उभी होती. तू तेव्हा कुठं होतीस? हिला ढोंगी म्हणतेस? हिनं मला शिकवलं, हिनं आईचं केलं, बापाचं केलं. हिचं नाव घ्यायची तुझी लायकी आहे का?"

"नाव घेतलं नाही मी," मी म्हणाले. त्या क्षणी हे सुचावं, यावरून माझी बुद्धी कळते.

"गप्प बस."

पुढची पाच मिनिटं त्याने मला धुतलं. तांदळाच्या ताटावरचे हात थांबले, गॅलरीतली तीन दारं उघडली. मी ऐकून घेतलं. सगळं खरं होतं. आणि ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं की तो प्रत्येक वाक्यात बहिणीची बाजू घेतोय, आणि त्याच्या ते लक्षात आलेलं नाही. मग तो तिच्याकडे वळला.

"आणि तू? तू ऐकून घेतलंस हिचं?"

"तू बोलत नव्हतास," सिस्टर म्हणाल्या. "कुणाचं तरी ऐकायला हवं ना."

तो उंबऱ्यातच खाली बसला. हातातली पत्रिका त्याने बाजूला ठेवली. मग तो जमिनीकडे बघत म्हणाला, "आबांचं तोंड कसं होतं?"

सिस्टरनी सांगितलं. खुर्चीवरून उतरून त्या त्याच्यासमोर फरशीवर बसल्या आणि सांगत गेल्या. दाढी त्यांनी स्वतः केली. डाव्या गालावर जुन्या फोडाचा खड्डा होता तिथं वस्तरा जपून फिरवला. तोंड मिटत नव्हतं, हनुवटीखाली फडकं बांधलं, मग मिटलं. कपाळावरची शीर, रागावले की फुगायची ती, सपाट झालेली. लग्नातलं धोतर नव्हतं मिळत, इस्त्रीचं पांढरं नेसवलं. केसांना तेल लावलं. "झोपलेले दिसत होते असं नाही म्हणणार मी," त्या म्हणाल्या, "मी खूप मेलेली माणसं पाहिलीत, झोपलेलं कुणी दिसत नाही. पण कुणावर रागावलेले दिसत नव्हते." तो मध्येच विचारायचा, "टोपी?" आणि त्या सांगायच्या, "टोपी छातीवर ठेवली." दोन वर्षं त्याने न पाहिलेलं तोंड त्या त्याला गालागालाने देत होत्या.

उत्पत्तीच्या पुस्तकातला याकोब, तो पत्रवाला नव्हे, आपल्या भावाला, एसावाला, कित्येक वर्षांनी भेटायला येतो. त्याने एसावाला फसवलेलं असतं, म्हणून घाबरलेला असतो. सात वेळा जमिनीपर्यंत वाकत पुढे जातो. एसाव धावत येऊन त्याला मिठी मारतो, आणि याकोब म्हणतो, तुझं तोंड पाहणं म्हणजे देवाचं तोंड पाहण्यासारखं आहे. मला हे वाक्य नेहमी अतिशयोक्ती वाटायचं, भावाला खूश करण्यासाठी म्हटलेलं. कल्याण पूर्वेच्या त्या गॅलरीत पहिल्यांदा मला ते साधं वर्णन वाटलं.

भावजयीने चहा केला. शेजारच्या बाईंनाही दिला. निघताना सिस्टर म्हणाल्या, "उद्या येशील?" तो म्हणाला, "बघू." दुसऱ्या दिवशी तो आला नाही, आणि सिस्टरनी ताट पुढे दिलं. मी शेजारी बसलेले. मला धक्का बसला; समेट तर झाला होता, पट्टी सरकायला काय हरकत? पण मी विचारलं नाही. त्या रविवारी मी उभी राहून मंडळीसमोर माझी चूक सांगितली आणि वडिलांनी दारात उभे राहून उरलेल्या पत्रिका परत मागून घेतल्या. वाटलेल्या पत्रिका परत गोळा करताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. "स्वल्पविराम बघत बसलो मी," एवढंच ते घरी येऊन म्हणाले.

पुढच्या महिन्यातला पहिला रविवार. सिस्टर पावणेआठला हजर, शेजारच्या खुर्चीवर पर्स ठेवलेली. साडेदहाला पाळकसाहेबांनी ताटावरचं पांढरं फडकं उचललं. इतक्यात सिस्टरच्या मोबाइलवर भावजयीचा मेसेज आला: मार्केटमध्ये गाडी खाली होते आहे, झाली की निघतील.

सिस्टर उभ्या राहिल्या. चाळीस वर्षांत ड्युटीला एक मिनिट उशीर न झालेली बाई.

"पाळकसाहेब, जरा थांबाल का? माझा भाऊ यायचाय."

"किती वेळ, सिस्टर?"

"ते मला माहीत नाही."

पुढच्या ओळीतले एक वडीलधारे पुटपुटले, "दर महिन्याला असतं हे, पुढच्या वेळी घेईल." दारात शाळेचा वॉचमन किल्ल्या वाजवत होता, अकराला दुसऱ्यांचा योगाचा वर्ग असतो. पाळकसाहेब क्षणभर फडकं हातात घेऊन उभे राहिले. मग त्यांनी ते ताटावर परत पसरलं आणि बाजूच्या बाकावर जाऊन बसले.

आम्ही थांबलो. कुणी गाणं सुरू केलं नाही. पंख्याचा आवाज, एका बाळाची किरकिर, मागे कुणाचं तरी जांभई देणं. मी तेव्हा गालीलच्या त्या माणसाचा विचार करत होते, ज्याला येशू अर्पण तिथंच ठेवून जायला सांगतो. त्याचं गाव देवळापासून कित्येक दिवसांच्या वाटेवर. कोकरू वेदीपाशी ठेवून तो गावी जाणार, भावाला भेटणार, परत येणार. तेवढे दिवस कोकरू तिथंच. याजक ताटकळणार, मागची रांग कुरकुरणार. आणि देवाला ते चालणार आहे, हे येशू किती सहज सांगतो. आमच्या वेळापत्रकात देवाला उशीर झालेला चालत नाही असं आम्हीच ठरवलंय. तो थांबायला तयार आहे.

अकराला पाच कमी असताना तो आला. शर्टावर कांद्याची सालं. दारात थबकला, सगळा हॉल आपल्याकडे बघतोय हे बघून मागे फिरेल असं मला वाटलं. सिस्टरनी खुर्चीवरची पर्स उचलून मांडीवर घेतली.

तो येऊन बसला. "उशीर झाला," म्हणाला.

"झाला," त्या म्हणाल्या. "बस."

ताट आमच्या ओळीत आलं. सिस्टरनी ते घेतलं आणि आधी त्याच्यापुढे धरलं. त्याने हात पँटला पुसला, तुकडा घेतला. मग त्यांनी घेतला. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं नाही. तेवढी अक्कल मला आलेली.

आता माझं तुमच्याकडे एक मागणं आहे. हे वाचताना एखादं माणूस तुमच्या डोळ्यांपुढे आलं असेल, ज्याच्या मनात तुमच्याविषयी काही आहे. ते माणूस प्रार्थनेच्या यादीत घालू नका, त्यासाठी कुणाचा सल्ला घेऊ नका, आणि बरोबर कोण होतं याचा हिशेब तर अजिबात मांडू नका. फोनही नको. या आठवड्यात, रविवार उजाडण्याआधी, त्या घरी जा.